गायडोंगरीहून उत्तर

उर्वशी गुरनुले चंद्रपूरच्या त्या ऑफिसात लागली तेव्हा धनराज मारबते नावाच्या माणसाचं अर्धवट राहिलेलं काम तिच्या वाट्याला आलं. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो वारला, एवढंच तिला सांगण्यात आलं. कसा, ते कुणी बोललं नाही, आणि नव्या माणसानं आल्या आल्या असलं काही उकरू नये म्हणून तिनंही विचारलं नाही.

२००२ सालचा उन्हाळा होता. जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला, एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, तेच ऑफिस. मालक गुणवंतराव. पाटबंधाऱ्यांच्या कामात त्यांचे केस पिकले होते, आणि निवृत्त झाल्यावरही डोक्यातलं पाणी काही आटलं नव्हतं. नागभीडकडच्या जुन्या तलावांची पातळी चंद्रपुरात बसून कळावी, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ताण यायच्या आधी खालच्या गावांना सांगावा जावा, ही त्यांची धडपड. म्हणून निवडक तलावांवर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळ, एकेक खोली बांधलेली. खोलीत एक संगणक आणि फोनची तार. चंद्रपूरचं मशीन ठरल्या वेळी एकेका तलावाला फोन लावी आणि विचारी, पाणी किती? तिकडून आकडा येई. हे सगळं धनराजनं एकट्यानं उभं केलं होतं.

आता ते मोडकळीला आलं होतं. दोन मशीनांना एकमेकांशी बोलायचं तर आधी करार करावा लागतो, काय विचारायचं आणि उत्तर कोणत्या रूपात द्यायचं याचा. तो एका साध्या फाईलीत लिहितात. मग एक खास कंपायलर तो करार वाचून दोन्ही बाजूंचा कोड आपणच लिहून काढतो. करार एकच असला तरी प्रत्येक कंपायलरची तऱ्हा निराळी. एक जण फाईलींच्या नावांना सी आणि एस जोडतो, दुसरा एसके जोडतो, तिसरा सगळं एकाच फाईलीत कोंबून मोकळा होतो. धनराजनं ज्या कंपनीचा कंपायलर वापरला ती कंपनीच बुडाली होती आणि चंद्रपूरचं जुनं मशीन अखेरचे श्वास मोजत होतं. नवं लिनक्सवालं मशीन आलं, पण त्यावरचा कंपायलर दुसऱ्या घराण्यातला. धनराजच्या मेकफाईलींना, म्हणजे कशातून काय आणि कोणत्या क्रमानं बांधायचं हे सांगणाऱ्या फाईलींना, या नव्या पाहुण्याची रीत ठाऊकच नव्हती. ही बांधणी कुठल्याही मशीनवर, कुठल्याही कंपायलरसोबत चालली पाहिजे, हे उर्वशीला दिलेलं काम.

ती ऊर्जानगरची. वडील वीज केंद्रात, मूळ गाव चामोर्शी, त्यामुळं घरात बोली तिकडचीच. म्हणून धनराजच्या फाईलींत इंग्रजी अक्षरांत लिहिलेली झाडीबोली वाचताना तिला पहिल्यांदा हसू आलं. 'इथी हात लावू नोका.' 'हे काऊन चालते मले मालूम नाई, पन चालते.' पुढं पुढं हसू आटत गेलं. प्रत्येक ओळीत धनराजचं घर होतं. त्यानं सगळे रस्ते आपल्या स्वतःच्या फोल्डरातून काढले होते आणि त्या फोल्डराला नावही 'घर' असंच दिलं होतं. कंपायलर घरात, करार घरात, बांधलेला माल घरात. कुठल्याही मशीनवर चालायचं म्हणजे सगळ्यात आधी हे घर काढायचं. उर्वशी एकेक ओळ उघडायची, 'घर' पुसायची आणि तिथं कुणाचंच नसलेलं नाव लिहायची. घरातलं माणूस बाहेर गेलेलं असताना आपण त्याचं सामान अंगणात आणून ठेवतोय, असं तिला वाटायचं. कधी ती एखाद्या अडचणीशी येऊन अडायची आणि बघायची तर त्यानं तिथं आधीच जागा मोकळी सोडून ठेवलेली असायची, जणू कुणीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी ती उगाच मागं वळून बघायची. मागं कूलर घरघरत असायचा आणि खिडकीत पांढरंफटक ऊन.

सगळे रस्ते मोकळे झाले तसं तिनं कंपायलरांनी काढून दिलेल्या जुन्या फाईली पुसल्या. त्या जपायच्या नसतातच, करार असला की हव्या तेव्हा पुन्हा काढता येतात. नव्या कंपायलरला तिनं मूळ करार दिला. बांधणी एका दमात पार पडली. दुपारच्या वेळी तिनं पहिल्यांदा नवा प्रोग्राम सुरू केला आणि पडद्यावर तलावांची नावं एकाखाली एक उमटू लागली. नाव, पातळी, हिरवी खूण. शेवटी एक नाव आलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं.

गायडोंगरी. पातळी होती. खूण हिरवी होती.

शेजारच्या टेबलावरचा निकेश उठून आला. निकेश फोनच्या तारा, मोडेम, बॅटऱ्या बघायचा, आणि कधी कधी धनराजला हाताखाली लागलं तर कोडमध्येही बोटं घालायचा. हसरा माणूस. पडद्याकडं बघून त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"हे नाव कुठून आणलं तू?"

"आणलं नाही. करारातूनच आलं असणार."

"नाई. ते काढलं होतं आपन." तो आणखी वाकून बघू लागला. "अन् आकडा कोन देऊन राह्यला? तिथी कोनीच नाई. ते खोली बंद आहे."

"बंद खोलीतून आकडा कसा येईल?"

भर उन्हात, टोपीही न घेता, तो जिना उतरून गेला आणि त्या दिवशी परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आकडा विचित्र वागू लागला. सकाळच्या फोनला गायडोंगरीचं पाणी जिथल्या तिथं असायचं, उन्हाळ्यातल्या तलावाचं असतं तसं, रोज केसभर खाली. दुपारच्या फोनला मात्र ते एकदम चढायचं. कंबरभर. आणि बघता बघता उतरायचं. संध्याकाळच्या फोनला पुन्हा जिथल्या तिथं. आलेखाच्या सरळ रेषेवर दात उगवल्यासारखं दिसायचं. पाणी असं चढत नसतं. मे महिन्यात तर नाहीच नाही.

उर्वशीनं दोष आपल्या पदरात घेतला. नवा कंपायलर आहे, आपण त्याला काहीतरी चुकीचं शिकवलं, आकड्याचे तुकडे उलटसुलट जोडले जात असतील. पण तसं असतं तर बाकीच्या तलावांचेही आकडे वेडेवाकडे आले असते, आणि ते तर शहाण्यासारखे वागत होते. मग तिनं अडगळीतलं जुनं मशीन उघडलं, त्यावर तोच करार, तीच नवी मेकफाईल ठेवली आणि धनराजच्या जुन्या कंपायलरनं बांधायला घेतलं. मेकफाईलीनं मशीन ओळखलं, कंपायलर ओळखला, सी आणि एसच्या फाईली मागून घेतल्या. महिनाभर जिच्यासाठी डोकं फोडलं ती गोष्ट पहिल्या झटक्यात चालली. आनंद व्हायला हवा होता. पण दुपारी त्या जुन्या मशीननं गायडोंगरीला फोन लावला तेव्हा आकडा तसाच चढला आणि तसाच उतरला. दोन वेगवेगळ्या तोंडांनी विचारलं तरी उत्तर एकच. म्हणजे चूक विचारण्यात नव्हती. तलावावर खरंच काहीतरी चढत होतं.

त्यानंतर दुपार जवळ आली की ती पुन्हा पुन्हा घड्याळ बघू लागली. गावाकडं म्हणतात, भर दुपारी एकटं तलावाच्या काठानं जाऊ नये, दुपार ही काही माणसांची वेळ नाही. उर्वशीनं हे लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा हसण्यावारी नेलं होतं. आता ती पडद्यासमोर बसायची, खालचं दुकान शटर ओढून घ्यायचं, रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही, आणि त्या निःशब्द उन्हात कुणीतरी लांबून हात वर करून खाली घेतल्यासारखी ती रेषा उठायची. एके दिवशी ती धोक्याच्या खुणेच्याही वर गेली आणि मशीनमधली घंटा किंचाळली. गुणवंतराव आतल्या खोलीतून चष्मा सावरत बाहेर आले.

पडद्यावरचं नाव वाचून ते भिंतीला धरून उभे राहिले. उर्वशीनं स्टूल पुढं केलं.

"निकेश," त्यांनी हाक मारली, "तुले काढायले लावलं होतं ना मी हे?"

निकेश मान खाली घालून म्हणाला, "काढलं होतं जी. पन करारातून नाई. मले करारात हात घालायचं भेव वाटलं, बाकी सारं बिघडलं तं? कंपायलरनं जो कोड काढून ठेवला होता ना, त्याच्यातच हातानं पुसलं नाव. हिनं ते सारं फेकून नव्यानं काढलं, तं ते परत आलं."

उर्वशीच्या डोक्यातली एक गाठ सुटली. हातानं पुसलेलं वरवर जातं, पण करारात नाव असेपर्यंत ते मिटत नाही. कधीतरी कुणीतरी नव्यानं बांधायला घेतं आणि पुसलेलं माणूस दारात उभं राहतं. पण दुसरी गाठ तशीच होती. उत्तर कोण देत होतं?

गुणवंतरावांनी मग सांगितलं. गायडोंगरी हे धनराजचं गाव. बाप सोमाजी त्या तलावावर मासे मारणारा. पाण्याची पातळी मोजायला तलावात एक उभा पाइप, पाइपात तरंगता डबा, डब्याला दोर, दोर सरकेल तसा आकडा. दोन वर्षांमागं श्रावणात पाइपात शेवाळ अडकलं, डबा अडला. धनराज स्वतःच डोंगा घेऊन गेला. वारा सुटला. पाण्यातच वाढलेलं पोर, ते पाण्यातच राहिलं.

"रोज सकाळी ते नाव पडद्यावर यायचं," गुणवंतराव म्हणाले. "मले पाहवत नव्हतं, पोरी. म्हणून म्हटलं, काढा." थोडं थांबून ते म्हणाले, "पावसाळ्याआधी हे तहसिलीशी जोडायचं आहे. अशी खोटी घंटा वाजली तं लोक पळतील, अन् खरी वाजन तेव्हा कोनी पळनार नाई. तू करारातूनच ओळ काढून टाक."

एक ओळ तर काढायची होती. उर्वशीनं फाईल उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच काढून घेतलं.

"आधी मी एकदा जाऊन येते," ती म्हणाली.

निकेशला विचारलं तर तो म्हणाला, "मी नाई येत. त्याले शोधाले पान्यात उतरलो होतो मी. आता त्या पाळीवर पाय नाई ठेवत." तिनं आग्रह केला नाही. सकाळच्या एसटीनं ती नागभीडला उतरली, तिथून गायडोंगरी फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप, आणि पुढं पायी. दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्या, ती भाताची खाचरं, भेगाळलेली. मोहाच्या झाडाखाली सावलीला बांधलेली जनावरं. गाव दुपारचं झोपलेलं. पाळ चढून वर आली तेव्हा समोर तलाव होता, आटून आत आत गेलेला, आणि त्यावर ऊन असं पडलं होतं की पाण्याकडं बघवत नव्हतं.

तुडुमाजवळच्या खोलीचं दार उघडं होतं.

ती दारापाशी पोहोचली आणि आत मोडेम वाजला. मोडेमचा आवाज तिनं आयुष्यात हजार वेळा ऐकला असेल, पण उघड्या पाण्यावर, त्या सुनसान दुपारी, तो एखाद्या जिवाचा गळा आवळल्यासारखा आला. आधी लांब शिट्टी, मग किंचाळी, मग खरखर. चंद्रपुराहून तिचाच प्रोग्राम फोन लावत होता, हे ती जाणत होती. तरी तिचं पाऊल दारातच अडलं.

आत एक म्हातारा उकिडवा बसला होता. आवाज होताच तो लगबगीनं उठला, कोपऱ्यात भिंतीतून आत आलेल्या दोराला त्यानं हात घातला आणि दोर ओढून धरला.

"हाव बाबू, हाव," तो मशीनकडं बघत म्हणाला. "इथीच आहो मी. कुठी जात नाई. आयकू आलं ना तुले?"

खरखर थांबेपर्यंत त्यानं दोर धरून ठेवला. मग हळूच सोडला. बाहेर पाइपात डबा पाण्यावर बसल्याचा डुबकन आवाज झाला.

उर्वशी दाराची चौकट धरून उभी होती. पळून जावं, असंही तिला क्षणभर वाटलं. म्हातारा वळला आणि तिला बघून दचकला.

"कोन व्हय तू?"

"मी चंद्रपूरहून आली, भाऊ. उर्वशी. धनराजभाऊ जिथी काम करत होते, तिथंच मी करते."

सोमाजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग जवळची गोणपाटाची बोरी झटकून तिच्यासाठी पसरली. "बस, माय. उन्हाची आली."

ती बसली. मशीनवर धूळ नव्हती. पडद्याच्या वर पुसायचं जुनं पांढरं फडकं घडी करून ठेवलं होतं. तो सांगू लागला. पोराचं मशीन त्यानं कधी बंद पडू दिलं नाही. लाइट गेली आणि आली की कोणतं बटण दाबायचं, हे धनराजनंच दाखवून ठेवलं होतं. "दोन साल मुका होता हा. रोज दुपारी येऊन बसून जाओ मी. अन् या उन्हाळ्यात एका दुपारी एकदम बोंबलला. मी जागेवरच बसलो. पोट्ट्याबिगर कोन बोलवन याले? दुसऱ्याले येतच नाई हे. तं मंग मी दोर ओढला. दोर ओढला का आकडा जाते, असं सांगे तो मले."

एवढ्या लांबवर येताना उर्वशीनं जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं आता लहान वाटत होतं. पण खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं आणि मग जन्मभर निभावायला हवं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "बोलावत होती ते मी होती."

सोमाजीनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"इथलं नाव ऑफिसात पुसलं होतं, म्हणून दोन साल फोन नाई आला. मी सारं काम नव्यानं बांधलं, तं ते नाव परत आलं. तेव्हापासून मशीन रोज फोन लावते. त्यानं नाई लावला, भाऊ."

"पुसलं? कोनं?"

"आमच्या मालकाइले पाहवत नव्हतं ते नाव."

"मले पाहवते का?" सोमाजी म्हणाला. "मी पुसलं का?" त्याचा आवाज चढला नाही, उलट आत गेला. तो दोराकडं बघत होता. "तं मंग मी येवढे दिवस कोनाशी बोलून राह्यलो होतो?"

"माह्याशी. तुमी दोर ओढला का पानी वर चढलं असं मले तिकडं दिसे. रोज दुपारी. मले समजे नाई कोन आहे ते. मी लय भेली होती, भाऊ."

"तू भेली?"

"हाव."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. "मीबी," तो म्हणाला. "पह्यल्या रोजी मलेबी भेव लागला. आपल्याच पोट्ट्याचा." मग बोलता बोलता त्याचं बोट दाराबाहेर, पाण्यातल्या पाइपाकडं गेलं. "तिथीच. जाळं माहं होतं. मीच टाकलं होतं सकाळी. त्याचा पाय गुतला त्याच्यात. तवापासून मी जाळं हाती नाई धरलं. मंग म्हटलं, बोलावते तं निदान ओ तरी देऊ."

बाहेर पाळीवर पावलं वाजली. एक बाई मोहाच्या सावलीत येऊन थांबली, डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकरी. ती खोलीकडं आली नाही. तिथूनच तिनं विचारलं, "झाला का आवाज?"

"झाला," सोमाजी म्हणाला. उर्वशीकडं वळून तो म्हणाला, "गोकुळा. धनराजची माय. आवाज होऊन गेल्याबिगर येत नाई इकडं."

गोकुळा दारापर्यंत आली. ही कोण, कशाला आली, ते सोमाजीनं थोडक्यात सांगितलं. पोरगं बोलावत नव्हतं, ही पोरगी बोलावत होती. गोकुळानं भाकरी खाली ठेवली आणि उर्वशीला एवढंच विचारलं, "मंग तुले बंद करता येते हा आवाज?"

"येते. आकडा जात राहील, पण आवाज नाही होणार."

"तं कर माय बंद. आताच कर."

"तुले का तरास होते त्या आवाजानं?" सोमाजी उसळला. "तेवढंच तं आहे त्याचं."

गोकुळानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"त्या रोजी मी इथीच होती," ती म्हणाली. "याच मोहाखाली. वारं सुटलं तं म्हटलं पाहून यावं, कुठी आहे पोट्टा. तं हे मशीन असंच बोंबललं. मले वाटलं, आहे खोलीत, काम करून राह्यला. बोललं तं चिडते कामात. म्हणून मी गेली नाई पाहाले. घरी गेली. भात मांडला." ती थांबली. "हे बोंबलत होतं तवा तो पान्यात होता. आता रोज बोंबलते अन् मी रोज भात मांडते."

सोमाजीनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. भिंतीला पाठ टेकून तो खाली सरकत सरकत बसला. उर्वशीला वाटलं, आपण उठून जावं. पण उठायलाही धीर होईना.

शेवटी सोमाजीच म्हणाला, "कर. तिचंबी होतं ते पोरगं."

मोडेमचा आवाज बंद करायला एक छोटीशी आज्ञा पुरते. उर्वशीनं ती दिली आणि लाइट जाऊन आली तरी ती राहील अशी ठेवली. मग पुढच्या फोनपर्यंत ती थांबली. गोकुळानं तिला भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली, नको म्हणू दिलं नाही. उन्हं कलली तेव्हा मोडेमवरचा लहानसा दिवा लुकलुकला. चंद्रपुरानं विचारलं, गायडोंगरीनं उत्तर दिलं, आणि कसलाही आवाज झाला नाही. सोमाजीचा हात दोराकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो उठून बाहेर गेला आणि पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. गोकुळा आत, दोराजवळ, प्रथमच खोलीच्या आत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी उर्वशीनं गुणवंतरावांना सोमाजीच्या दोराचं सगळं सांगितलं, आणि ओळ काढायची नाही म्हणाली. गायडोंगरीचं मशीन जुनं आहे, त्यावर नवा कंपायलर चढत नाही, तेव्हा सगळ्यांसाठी एकच नवा कंपायलर ठेवला तर ते एक ना एक दिवस मुकं होणार. म्हणून बांधणीला दोन्ही येऊ द्यात, जुनाही आणि नवाही. त्यांनी पडद्याकडं बघितलं. त्या दुपारी रेषा सरळ होती.

"राहू दे," ते म्हणाले. "पाहीन मी."

त्या पावसाळ्यात, ऑगस्टात, गायडोंगरीचं पाणी खरोखर चढलं. हळूहळू, दिवसरात्र, पाणी चढतं तसं. सांगावा वेळेत गेला, खालच्या टोलीवस्तीतली माणसं शाळेत नेली, पाळ टिकून राहिली. तिथल्या तारेच्या दुरुस्तीला निकेश गेला, न सांगता. परत आला तेव्हा त्याचे पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत माखले होते आणि तो कुणाशी बोलला नाही. उर्वशीला मात्र त्या उन्हाळ्यातल्या दुपारी सोडून गेल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस शटर ओढल्याचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून ती रेषा बघायची, सरळ आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकायची, आणि त्या श्वासात कुठंतरी थोडी हुरहूरही असायची.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी गोकुळा जिना चढून वर आली. डोळे दाखवायला चंद्रपूरच्या दवाखान्यात आली होती. पाणी प्यायली, खोलीभर नजर फिरवली आणि उर्वशीजवळ येऊन हळूच म्हणाली, "मले एक सांग माय. तो इथी दिवसभर कोनतं काम करे? आमी कधी पुसलंच नाई."

उर्वशीनं हे काम अनेकांना समजावलं होतं, पण या बोलीत कधी नाही. तिला सुरुवात सापडेना. मग ती म्हणाली, "बाई, समजा एक मशीन सिरोंचाचं, तेलुगू बोलनारं. अन् एक आपल्याकडचं. दोघाइले एकमेकांचं काई समजत नाई. तं तो आधी ठरवून दे, का भाऊ, तुमी येवढंच पुसा अन् तुमी येवढंच सांगा. मंग ते बोलत. कोनी कुठलं का असंना, त्याचं काम झालं का बोलत."

गोकुळा ऐकत होती. औषध घातल्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"इतल्या दूरदूरच्याइले बोलतं केलं त्यानं?"

"हाव."

"घरी तं तोंड उघडे नाई," गोकुळा म्हणाली. "जेवला का पुसलं तं मान हालवे."

उर्वशी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेली. नागभीडच्या गाडीला गर्दी होती. गोकुळाला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत ती धनराजच्या लहानपणाचं सांगत राहिली, तो किती उशिरा बोलायला शिकला, लोक कसे म्हणायचे की मारबत्याचं पोट्टं मुकं आहे, आणि पहिला शब्द तो कोणता बोलला. तो शब्द नेमका गाडीच्या आवाजात बुडाला. उर्वशीनं मान हलवली, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.